सशाच्या शिंगांची साक्ष

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या त्या काकांनी पहिल्याच भेटीत, माझ्या हातातला चहा अजून गरम असताना, मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी गाव विचारलं, तेही सांगितलं.

"अच्छा, अच्छा. नागपूर. म्हणजे दीक्षाभूमीच्या बाजूचेच की."

"हो. चालत दहा मिनिटं."

त्यावर ते मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "पण तू खरंच हुशार असणार हां. इथे काही कोटा-बिटा नसतो. इथे ॲडमिशन मिळाली म्हणजे मिळाली."

हे ते कौतुकानं बोलले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला शाबासकी दिल्याचं समाधान होतं. समोर बसलेल्या काकूंनी नजर खाली घातली आणि चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी चिवडा खाल्ला. त्या दिवसापासून पुढे साडेचार वर्षं मी त्या घरात जेवत राहिले आणि त्या माणसाला मनातल्या मनात तुच्छ लेखत राहिले. दोन्हींत खंड पडला नाही.

ही २००३ च्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. नागपुरात पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी मिनेसोटात पॅथॉलॉजीत पीएचडी करायला आले होते. जनावरांना आजार कसे होतात आणि मेल्यावर त्यांच्या आत काय सापडतं, हे माझं काम. काका मात्र शेवटपर्यंत मला 'गुरांची डॉक्टर' म्हणत राहिले. ते पुण्याचे, इंजिनिअर, बारा वर्षांपासून अमेरिकेत. एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत. घरात कुठलाही विषय निघाला की ते 'सायंटिफिक टेंपरामेंट' हा शब्द आणत. काकूंच्या उपवासांची ते टिंगल करत. स्वतःची नवी व्हॅन घेताना त्यांनी अमावास्या टाळली होती, पण कारण विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी डीलरकडे गर्दी असते. मंगळवारी सकाळी कसली आलीय गर्दी!

तरी मी जात राहिले ती काकूंमुळे. पहिल्या बर्फाच्या आठवड्यात त्यांनी मला कपाटापाशी नेलं, स्वतःचा जाड कोट आणि बूट काढून दिले आणि म्हणाल्या, "नाही म्हणू नकोस, मला हे घट्ट होतात." ते त्यांना घट्ट होत नव्हते. दर शनिवारी त्या काकांना मला बसस्टॉपवरून आणायला पिटाळत. त्यांची एक मुलगी होती, दहा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. मला ताई म्हणायची आणि माझ्या कामाबद्दल तिला इतकं कुतूहल होतं की जेवताना ती गायीच्या चार पोटांबद्दल विचारी. मग काकू म्हणत, "अगं, निदान वरणभात संपेपर्यंत तरी थांब."

पुढच्या जूनमध्ये त्यांनी यलोस्टोनला जायचं ठरवलं आणि मलाही बोलावलं. "तुझंही फिरणं होईल," काका म्हणाले. मला बोलावण्यामागचं गणित मी ओळखून होते. मागच्या सीटवर मुलीला सांभाळायला आणि मोटेलमध्ये राइस कुकरवर खिचडी टाकायला कुणीतरी हवं होतं. मी गेले. उन्हाळ्यात लॅबमध्ये एकटं बसण्यापेक्षा ते बरं होतं.

साउथ डकोटा ओलांडेपर्यंत काकांनी आम्हाला रस्त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर व्याख्यान दिलं. दगड कसे बनतात, बायसन का संपले, रेड इंडियन लोक मागे का पडले. हे शेवटचं सांगताना ते आरशातून माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. कदाचित ते मागची गाडी बघत असतील. पण एकदा तिरस्कार बसला की माणूस आरशातल्या नजरेचाही हिशोब ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वायोमिंगमधल्या एका छोट्या गावात पेट्रोल भरायला थांबलो. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा एक भलामोठा ससा उभा केला होता आणि त्याच्या डोक्यावर हरणाची फाटे फुटलेली शिंगं होती. मुलगी ओरडली, "ताई, लुक!" पंपाला लागूनच एक दुकान होतं. टोप्या, पट्टे, चांदीची कर्णफुलं, दगडाच्या बाहुल्या. आणि मागच्या भिंतीवर ओळीनं दहा-बारा सशांची मुंडकी. प्रत्येकाला शिंगं. मधोमध काचेच्या पेटीत एक अख्खा ससा मागच्या पायांवर बसवलेला आणि खाली पितळी पट्टीवर लॅटिनसारखं दिसणारं नाव. त्या प्राण्याला तिकडे जॅकलोप म्हणतात.

गल्ल्यावर सत्तरीची एक बाई विणत बसली होती. काका पेटीपुढे उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. त्यांनी लॅटिन नाव वाचलं, मान डोलवली आणि त्या बाईला विचारलं, "हे इथेच सापडतात?"

बाईनं मान वर न करता सांगितलं, "पूर्वी खूप होते. आता तुम्हाला पहाटे उठून जावं लागेल."

"धोकादायक असतात?"

"माझ्या नवऱ्याच्या पोटरीवर खूण होती. शिकारीला जाताना आम्ही पायाला पत्र्याचे पाइप घालतो."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बघ, निसर्ग कसा असतो." मग त्यांनी आणखी विचारलं आणि ती आणखी सांगत गेली. हे प्राणी माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. गुराखी शेकोटीपाशी गाणं म्हणू लागले की टेकडीमागून हे तेच गाणं परत म्हणतात. वीज चमकत असेल तेव्हाच त्यांचा समागम होतो, म्हणून संख्या कमी. पकडायचा असेल तर व्हिस्की ठेवायची. ती प्यायला की तो सुस्त होतो. मादीचं दूध औषधी असतं, पण काढणं अवघड. हे सगळं ती टाके मोजता मोजता, हवापाण्याबद्दल बोलावं तशा स्वरात सांगत होती. एकदाही हसली नाही. मी नंतर वाचलं की त्या भागात ही जुनी करमणूक आहे. बाहेरचा माणूस आला की त्याला सरळ चेहऱ्यानं हे ऐकवायचं. बहुतेक लोक दुसऱ्या वाक्याला हसतात. काका चौथ्या वाक्याला वहीत टिपून घेत होते.

मी तोवर एका मुंडक्याजवळ जाऊन कानामागचे केस बोटानं बाजूला केले होते. गोंदाची रेघ स्वच्छ दिसत होती. ससा खराच होता, तिकडचा लांब कानांचा मोठा ससा, आणि शिंगं कोवळ्या हरणाची. सशाची कवटी इतकी हलकी असते की गालाचं हाड जाळीसारखं दिसतं. त्या हाडांवर ही शिंगं पेलायची तर तो प्राणी चार पावलंही चालणार नाही. मी बोट काढून घेतलं आणि मान वळवली. त्या बाईनं विणकाम थांबवलं होतं आणि ती माझ्याकडे पाहत होती. मला कळलंय हे तिला कळलं होतं. मी काय करते याची ती वाट बघत होती.

"काय गं," काका म्हणाले, "तू सांग. गुरांची डॉक्टर ना तू? असतो का असा प्राणी?"

त्या क्षणी खरं सांगणं किती सोपं होतं! काका, चिकटवलंय हो, गंमत आहे. ते दोन मिनिटं ओशाळले असते, मग माझ्यावर थोडेसे चिडले असते, आणि आम्ही पुढे निघालो असतो. पण माझ्या डोक्यात आठ महिन्यांपूर्वीचा तो चहा होता. इथे कोटा-बिटा नसतो. मी शांतपणे म्हटलं, "असू शकतो काका. इकडचे सगळे प्राणी आमच्या पुस्तकात कुठे असतात?"

खोटं बोलतानाही मी एक फट ठेवली होती. सशांना एका विषाणूमुळे डोक्यावर शिंगांसारख्या काळ्या गाठी येतात, हे मला माहीत होतं. म्हणजे उद्या कुणी जाब विचारला तर 'असू शकतो' हा शब्द अगदीच खोटा ठरला नसता. इतका विचार मी अर्ध्या सेकंदात केला. हुशार होतेच मी.

काकांनी एक मुंडकं विकत घेतलं. सोबत जॅकलोपच्या शिकारीचा परवानाही घेतला. त्यावर त्यांचं नाव सुंदर अक्षरात घालून मिळालं. शिकारीची मुदत एकतीस जून, एवढा एकच दिवस, असं त्यावर छापलं होतं. काका म्हणाले, "फारच स्ट्रिक्ट आहेत हं हे लोक." गाडीत बसल्यावर काकूंनी विचारलं, "जून तीसचाच असतो ना?" त्यावर ते म्हणाले, "अगं, टायपो असेल." मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेजारी ती मुलगी मांडीवर मुंडक्याची पिशवी घेऊन, मधूनमधून आत हात घालून सशाच्या नाकावरून बोट फिरवत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

घरी आल्यावर मुंडकं कुठे लावायचं यावरून वाद झाला. काकू म्हणाल्या, "मेलेलं जनावर देवघराच्या भिंतीला लावणार? मी या घरात पाणी पिणार नाही." मग ते बेसमेंटमध्ये टीव्हीच्या वर गेलं. परवाना काकांनी फ्रेम करून ऑफिसात लावला. सहकारी येऊन बघून जातात, खूप इंप्रेस होतात, असं ते सांगत. मला त्या सहकाऱ्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येत आणि माझा शनिवार सुखाचा जाई.

गणपतीच्या दिवसांत त्यांच्याकडे दहा-बारा मराठी मंडळी जेवायला होती. जेवणानंतर काका सगळ्यांना खाली घेऊन गेले आणि टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले. वीज, व्हिस्की, गाणारे ससे, सगळं झालं. पाहुण्यांमध्ये एकाची आई भारतातून आली होती. त्या निवृत्त संस्कृत शिक्षिका होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण शशशृंग म्हणजे जे मुळात नसतंच त्याचं उदाहरण. सशाचं शिंग, वांझेचा मुलगा. आम्ही शाळेत शिकवायचो."

काकांना दहावीत संस्कृतला शाळेत सर्वांत जास्त मार्क होते. हे त्यांनी मला किमान सहा वेळा सांगितलं होतं. ते म्हणाले, "आजी, ते इंडियात. इथे असतं."

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. काकांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मला पुढे ओढलं. "ही डॉक्टर आहे. हिला विचारा. हिनं स्वतः हात लावून बघितलंय. सांग गं."

सगळे माझ्याकडे बघत होते. काकूही. मी म्हटलं, "हो, हात लावून बघितलंय मी." हे तर अक्षरशः खरं होतं. काकांनी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं. माझी साक्ष त्यांना चालत होती, हे पाहून मला तर आणखीच किळस आली. ज्या बाईच्या हुशारीची खात्री करून घ्यायला त्यांना अमेरिकेच्या ॲडमिशनचा दाखला लागला होता, तिच्याच शब्दावर ते दहा माणसांपुढे स्वतःची शोभा करून घेत होते.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मुलगी बसून ऐकत होती. तिला मी त्याही दिवशी धरलं नाही हिशोबात.

ऑक्टोबरच्या शेवटी, एका दुपारी, लॅबमध्ये काकूंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण आवाज कोरडा पडला होता. "आज ये. पिल्लू शाळेतून आलंय तेव्हापासून खाली बसलंय. दार उघडत नाही."

मुलीच्या वर्गात उत्तर अमेरिकेतल्या एका प्राण्यावर प्रोजेक्ट होतं. तिनं कुणाला न विचारता जॅकलोप निवडला होता. पोस्टर स्वतः रंगवलं होतं. मुंडकं टॉवेलात गुंडाळून, दप्तरातून नेलं होतं. पहिली दोन वाक्यं झाल्यावर वर्ग हसला. शिक्षिकेला वाटलं, मुलगी विनोद करतेय, म्हणून तीही हसली आणि म्हणाली, "छान, पुढे सांग." मग मुलीनं सांगितलं की हा विनोद नाही, माझी ताई ॲनिमल डॉक्टर आहे, तिनं हात लावून खात्री केली आहे. वर्ग आणखी हसला. एका मुलानं उठून शिंग धरून ओढलं आणि ते त्याच्या हातात आलं.

बेसमेंटचं दार तिनं माझ्यासाठी उघडलं. तुटलेलं शिंग तिच्या मांडीवर होतं. बुडाशी वाळलेला गोंद होता, पिवळा.

"डिड यू नो?" तिनं विचारलं.

"हो."

"सिन्स व्हेन?"

"दुकानात असल्यापासून."

"देन व्हाय डिड यू से इट?"

अकरा वर्षांच्या मुलीला मी काय सांगणार? तुझ्या बाबांनी मला आडनाव विचारलं होतं, म्हणून? ते सांगायला सुरुवात करायची तर कुठून करायची? मी म्हटलं, "मी तुझ्या बाबांची गंमत करत होते."

तिनं मान वर केली. "बट आय वॉज देअर टू."

ती तिथे होती. दुकानात, गाडीत माझ्या शेजारी, जिन्याच्या पायरीवर. काकांच्या मूर्खपणाकडे मी इतक्या एकाग्रतेनं बघत होते की माझ्यावर विश्वास ठेवणारं त्या घरातलं सगळ्यात लहान माणूस मला दिसलंच नाही. किंवा दिसलं होतं आणि मी चालवून घेतलं. यातलं कुठलं खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काका ऑफिसातून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. जेवणाच्या टेबलाशी, काकूंसमोर. मुंडकं चिकटवलेलं होतं, ते मी पहिल्याच मिनिटाला ओळखलं होतं आणि तुमची फजिती व्हावी म्हणून गप्प राहिले.

ते शांतपणे ऐकत होते. मग उठले, वरच्या खोलीत गेले आणि छापलेले चार कागद घेऊन आले. त्यांच्यावर विषाणूनं गाठी आलेल्या सशांचे फोटो होते.

"मी ऑलरेडी रिसर्च केलाय," ते म्हणाले. "तुला माहीत नसेल. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. शिंगं असतात सशांना."

"काका, त्या गाठी आहेत. चामखिळीसारख्या. तोंडाभोवती वाढल्या की सशाला खाता येत नाही, उपाशी मरतो तो. तो प्राण्याचा प्रकार नाही, आजार आहे. मी याच विषयात पीएचडी करतेय."

"म्हणजे असतात ना?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या टेबलावरचा मीठदाणीचा डाग पुसत होत्या.

"काका," मी म्हटलं, "मी खोटं का बोलले ते तुम्हाला विचारायचं नाही का?"

"का?"

"कारण पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, इथे कोटा नसतो, म्हणजे तू खरंच हुशार असणार."

ते खरोखर गोंधळले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. "मी? छे. मी असं कधी बोलणार नाही. आणि समजा बोललो असेन, तरी ते कौतुकच झालं ना? तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

"म्हणाला होतात तुम्ही," काकू म्हणाल्या. मान वर न करता. "मी इथेच होते."

काकांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि म्हणाले, "ठीक आहे, आता तो विषय बंद. पोरीला काहीतरी खायला दे." ते वर निघून गेले. वर्षभर मी तो प्रसंग मनात कितीदा रंगवला होता; त्यात ते लाजायचे, तोंड लपवायचे. प्रत्यक्षात ते फक्त कंटाळले. ज्या माणसाला मी इतकी मेहनत घेऊन तुच्छ लेखलं, त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. पोचलं ते खाली, बेसमेंटमध्ये.

पुढच्या सोमवारी मी शिक्षिकेला फोन केला आणि वर्गात यायची परवानगी मागितली. आमच्या विभागातून मी सशाची एक कवटी आणि हरणाच्या कवटीचा शिंगासकट वरचा भाग घेऊन गेले. मुलगी शेवटच्या बाकावर, जॅकेटचा हूड डोक्यावर ओढून बसली होती. मी मुलांना कवट्या हातात दिल्या. हरणाच्या कपाळावर जाड बुंधे असतात, त्यांच्यावर शिंग उगवतं, दर वर्षी गळतं. सशाच्या कपाळावर तसं काही नाही. एका मुलीनं सशाची कवटी उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "भोकं आहेत! आरपार दिसतंय."

मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. तुमच्या वर्गातल्या मुलीनं आपल्या माहितीतल्या ॲनिमल डॉक्टरला विचारलं, म्हणजे बरोबर तेच केलं. डॉक्टरनं खोटं सांगितलं. ती डॉक्टर मी. तेव्हा हसायचं असेल तर मला हसा.

कुणी हसलं नाही. ज्या मुलानं शिंग ओढलं होतं त्यानं हात वर केला. "तुम्ही खोटं का बोललात?"

"कारण मला एका मोठ्या माणसाचा राग आला होता आणि तो त्याला सांगायची हिंमत नव्हती."

त्या मुलाला हे उत्तर पटलं असावं. त्यानं मान हलवली आणि हरणाची शिंगं आपल्या डोक्याला लावून बघितली. शिक्षिका माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होती. बाहेर पडताना मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. हूड तसाच होता.

त्यानं सगळं निवळलं असं नाही. जॅकलोप हे नाव तिला प्राथमिक शाळा संपेपर्यंत चिकटलं. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मी शनिवारी गेले की ती ताट घेऊन वरच्या खोलीत जायची. पूर्वी ती जेवताना प्रश्न विचारून जीव खायची, आता काकू आणि मीच बोलत असू. काका टीव्हीवर बातम्या बघत. मला बसस्टॉपवर सोडायला मात्र ते कधी चुकले नाहीत, उणे वीस तापमानातही. वाटेत माझ्याशी पेट्रोलबद्दल बोलत. माणूस वाईट होता का? मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते ठरवण्यात रस नव्हता. मी त्यांना माफ केलं असं मात्र कुणी समजू नये. ते आजही मला तसेच वाटतात, पोकळ, स्वतःच्या आवाजावर खूश. फरक एवढाच पडला की त्यांच्याकडे बघून मिळणारी मजा गेली. त्यांचा मूर्खपणा दिसला की त्याच्या पाठोपाठ माझा नीचपणा दिसायचा, आणि तो अधिक सावध, अधिक शिकलेला होता.

बोलणं पुन्हा कसं सुरू झालं ते आठवतं. शेजाऱ्यांची मांजर मेली होती. मुलीनं मला जिन्यावर गाठून विचारलं, "ती कशानं मेली असेल?" इंग्रजीत, दुसरीकडे बघत. मी म्हटलं, "मला माहीत नाही. उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ओके." त्या उत्तरानं तिचं समाधान झालं. मग हळूहळू ती ताट घेऊन पुन्हा टेबलाशी बसू लागली.

२००८ च्या वसंतात माझी पीएचडी संपली आणि दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलजवळ नोकरी लागली. निघण्यापूर्वी शेवटचं जेवण त्यांच्याकडेच झालं. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती, माझ्यापेक्षा उंच. मी म्हटलं, "लवकर निघते, संध्याकाळी बर्फ पडेल म्हणतात." एप्रिल महिना होता आणि बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं लगेच उठून कॉम्प्युटर उघडला आणि हवामान बघितलं.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" मी विचारलं.

"आय लाइक यू, ताई," ती म्हणाली. "आय जस्ट चेक एव्हरीथिंग यू से."

"बरं करतेस," मी म्हटलं.

काकूंनी हसून माझ्या ताटात आणखी भात वाढला. मुलीनं मान वर केली आणि सांगितलं की चार इंच पडणार आहे, सहाच्या आत निघ.